आजोबांची मोटार सुखरूप कशी मोडावी

इंदूरच्या रामबागेतला वाडा बिल्डरला देण्याचे एकदाचे ठरले, सर्व भावंडांच्या सह्या झाल्या, आणि मग मागच्या मोटारखान्यात कित्येक वर्षे ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या आजोबांच्या मोटारीचा प्रश्न निघाला, तर आपण मुळीच गांगरून जाऊ नये. दुर्मीळ मोटार नाहीशी करणे हे दिसते तितके अवघड काम नाही. त्यासाठी घरात कोणी दुष्ट असावे लागत नाही. उलट तिच्यावर मनापासून माया करणारी चार माणसे असली, तर काम लवकर उरकते.

पहिले पथ्य असे की, ती मोटार नेमकी कोणती आहे, हे कोणत्याही जाणकाराला विचारू नये. बॉनेटखाली कुठेतरी चॅसिस क्रमांकाची पट्टी असते. तिच्यावरची धूळ पुसून क्रमांक वाचण्याचा मोह झाला, तरी तो आवरावा. महायुद्धापूर्वीच्या उंची मोटारींच्या बाबतीत कारखाना बहुधा चॅसिस, इंजिन आणि रेडिएटर एवढेच देत असे; वरची बॉडी ग्राहकाच्या पसंतीने एखादा स्वतंत्र बॉडीबिल्डर घडवीत असे, लाकडाची चौकट करून तीवर हाताने ठोकून घेतलेला ॲल्युमिनियमचा पत्रा चढवीत असे. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन मोटारींचे दरवाजेदेखील एकमेकींना बसतीलच असे नाही. क्रमांकावरून जुन्या नोंदींत शोध घेतला, तर मोटार कोणी घडवली, कोणाला विकली आणि तिच्यासारख्या आणखी किती आहेत, हे कळण्याची भीती असते. एवढे कळल्यावर ती किलोच्या भावाने विकायला हात उचलत नाही.

कागदपत्रांचा निकाल त्याच दिवशी लावावा. आजोबांच्या ट्रंकेत जुने आर.सी. बुक, विम्याचे कागद आणि मोटार बोटीने आली असल्यास कस्टम्सचे बिल ऑफ एंट्री असे काहीबाही सापडते. ते सर्व रद्दीत घालावे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी विंटेज नोंदणीचे वेगळे नियम काढले असून, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे अशी व्यवस्था केली आहे. अर्जाबरोबर हेच जुने कागद मागतात. ते आपल्याकडे नसले, की प्रश्न मिटला.

आता स्वच्छतेविषयी. आपले इंदूर २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांत अग्रस्थानी आहे, आणि या लौकिकाचे भान ठेवूनच शेजारी आपल्या मोटारीकडे पाहत असतात. तिच्याखाली मांजरी वितात, टायर जमिनीला चिकटलेले असतात, आणि सकाळी गाडी ओला-सुका कचरा घ्यायला आली की कोणीतरी हसून विचारतोच, ‘हा अटाला केव्हा देणार?’ अशा वेळी आपण इतिहासाचा आधार घ्यावा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेत भंगार गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हा कितीतरी जुन्या मोटारी देशभक्तीपोटीच भट्टीत गेल्या होत्या. आपण तर फक्त पार्किंगसाठी जागा करीत आहोत.

यानंतर वाटणी. हा आपल्या घरांचा हातखंडा विषय असल्यामुळे येथे फार मार्गदर्शन लागू नये; तरी चार गोष्टी सांगितलेल्या बऱ्या. थोरल्या बंधूंनी पुढचे दोन्ही दिवे घ्यावेत आणि नव्या फ्लॅटच्या दाराशी डावी-उजवीकडे लावावेत. आत एलईडी बसवला की शोभा येते. पुण्याच्या काकूंना स्टिअरिंग द्यावे, कारण आजोबा त्यांना माहेरी पोचवायला स्वतः गाडी चालवीत जात असत आणि ही आठवण त्या प्रत्येक लग्नात सांगतात. अमेरिकेतल्या नातवाला रबरी फुग्याचा हॉर्न द्यावा. तो सामानाच्या वजनात बसतो. रेडिएटरच्या टोपीवरची मूर्ती शोकेसमध्ये जावी. स्पीडोमीटर कोणी मागितला नाही, तर त्यात घड्याळ बसवून घ्यावे. अशा रीतीने प्रत्येकाच्या दिवाणखान्यात आजोबांची मोटार जिवंत राहते, आणि पाहुणे आले की ती किती जपली आहे, हे प्रत्येकाला सांगता येते. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चॅसिस यांच्यावर मात्र कोणाचेही प्रेम नसते. ते लोहामंडीच्या लोखंडबाजाराकडे जातात.

याच सुमारास एक गृहस्थ येतील. ते अत्यंत नम्र असतील, चहाला नको म्हणतील, आणि त्यांना पूर्ण गाडी नको असेल. ‘फक्त कार्बोरेटर बघतो’, असे ते म्हणतील. पुढच्या खेपेला मॅग्नेटो, त्याच्या पुढच्या खेपेला डॅशबोर्डवरचे घड्याळ. हिशेब सोपा आहे: सुटा दिवा पार्सलने कुठेही जातो, पूर्ण मोटार जाण्यासाठी क्रेन, ट्रेलर, कागद आणि धीर असलेला गिऱ्हाईक लागतो. सुट्या भागांची बेरीज पूर्ण मोटारीच्या भावापेक्षा अनेकदा जास्त होते, ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच ती आपल्याला पटते.

येथे क्षणभर सरळ बोलतो, कारण उपरोधाला एवढी सूट हवी. अँबॅसॅडर २०१४ पर्यंत बनत होती, पद्मिनीही कित्येक वर्षे कुर्ल्याहून निघत होती. तळ गंजून गेलेली अशी एखादी गाडी मोडून तिच्या सामानावर दुसऱ्या चालत्या राहिल्या, तर त्यात काही पाप नाही. जुन्या मोटारी जपणारे सगळे असेच करतात. अडचण एवढीच की, जिच्यासारख्या हजारो आहेत तिच्याविषयीचा हा शहाणा युक्तिवाद, जिच्यासारखी दुसरी नाही तिलाही आपण बिनदिक्कत लावतो. हाताने घडवलेल्या बॉडीचा दरवाजा दुसऱ्या कोणत्याच मोटारीला वाचवीत नाही. तो भिंतीवर टांगला जातो.

घरातल्या एखाद्या भावाने मोटार चालूच करायची असा हट्ट धरला, तरी घाबरू नये. नवशिक्या हौसेतूनही तेच साधते. इतकी वर्षे बंद असलेल्या इंजिनात प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडणे, ते आठवडाभर मुरू देणे, मग हाताने हळू फिरवून पाहणे, टाकीतला गाळ काढणे, असल्या रटाळ गोष्टींत वेळ घालवू नये. सरळ नवी बॅटरी लावावी. जुन्या अनेक मोटारी सहा व्होल्टच्या असतात आणि कित्येक इंग्रजी मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, म्हणून बारा व्होल्टची बॅटरी आजच्या रिवाजाप्रमाणे उलटी जोडली की जुन्या वायरिंगचे काय होते, ते मोटारखान्यातच पाहायला मिळते. जाम झालेले इंजिन गाडी ट्रॅक्टरने ओढून सोडवावे. पिस्टनच्या रिंगा तुटल्याचा आवाज वेगळाच असतो, पण तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला इंजिन चालू होत असल्यासारखा वाटतो.

मग मेकॅनिक येतो आणि सांगतो की, हिची व्हाइट मेटलची बेअरिंगे आता ओतून देणारा माणूस मिळत नाही, हिचे नट-बोल्ट व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे असल्यामुळे आपले पाने लागत नाहीत, तेव्हा हे इंजिन काढून एखादे डिझेल इंजिन बसवून टाकू, गाडी पळेल. हे अवश्य करावे. वर सांगितलेल्या विंटेज नियमांत मोटार मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, अशी अट आहे. त्यामुळे डिझेल इंजिन बसले त्या दिवशीच ती नुसती जुनी गाडी होते आणि नोंदणीची उरलीसुरली शंकाही जाते. काढलेल्या इंजिनावर काच ठेवून कॉफीचे टेबल छान होते. ‘फिवा’ ही जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून काम करते, आणि तिची ट्युरिन सनद सांगते की, मूळ भाग शक्य तितके तसेच राखावेत, नवे भाग ओळखू येतील असे बसवावेत, आणि चकचकीत करण्यापेक्षा जपणे श्रेष्ठ मानावे. ही सनद लिहिणाऱ्यांना आमच्या मेकॅनिकचा एक दिवसाचा सहवास घडायला हवा होता.

ज्यांना सर्व काही कायदेशीर आवडते, त्यांच्यासाठी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र आहे. तेथे इंधन, तेल, बॅटरी काढून घेतात आणि वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र देतात. ते दाखवले की नव्या खासगी गाडीच्या रस्ते करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. चॅसिस क्रमांकाचा तेवढाच तुकडा कापून केंद्राने सहा महिने जपून ठेवायचा असतो. वाड्यातल्या कोनाड्यात बांधून ठेवलेल्या अस्थींसारखाच हा प्रकार आहे, फक्त येथे नातेवाइकांना बोलावीत नाहीत.

हे सर्व उरकल्यावर आपल्या शहराच्या मोटारवैभवाविषयी बोलायला मोकळीक मिळते. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांची अमेरिकन मोटार ड्यूसेनबर्ग एसजे हा त्यासाठी उत्तम विषय: लंडनच्या गर्नी नटिंगने घडवलेली दोन आसनांची बॉडी, ओळीने आठ सिलिंडर, सुपरचार्जर, कारखान्याच्या सांगण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. ड्यूसेनबर्गचा कारखाना १९३७ मध्ये बंद पडला. ती मोटार देशाबाहेर गेली, म्हणून आपण हळहळावे. बाहेर गेली म्हणूनच अखंड राहिली, असे कोणी म्हटल्यास विषय महाराजांच्या माणिकबागेकडे वळवावा. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसने आखलेल्या त्या महालातले फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोच्या लिलावात खुर्ची-खुर्ची करून विकले गेले, आणि वास्तूत आता केंद्रीय करखाते बसते, ही माहिती दिल्यावर आपल्या घरच्या दोन दिव्यांचा विषय कोणी काढत नाही. नातवाच्या वरातीसाठी जीपच्या चॅसिसवर पत्रा ठोकून बनवलेली ‘विंटेज’ मोटार ताशी भाड्याने मिळते. तिला झालर लावता येते आणि ती वाटेत बंद पडत नाही.

एकच धोका शिल्लक राहतो. आपल्या मोटारीच्याच जातीची, पण दिवे नसलेली मोटार घेऊन बसलेला कोणी वेडा बडोद्याहून किंवा कोल्हापुराहून फोन करील, सगळे भाग एका जागी आणून मोटार पुन्हा उभी करण्याचा खर्च आपण सोसू, असे सांगेल, आणि त्याच्या आवाजावरून तो खरे बोलतो आहे, हे आपल्याला कळेल. त्याला नकार देऊ नये. आपली काहीच हरकत नाही, पण आधी पुण्याच्या काकूंशी बोला, असे सांगावे. काकू सांगतील की, थोरल्यांनी दिवे दिले तर स्टिअरिंग द्यायला त्या एका पायावर तयार आहेत. थोरले म्हणतील की, अमेरिकेहून हॉर्न आल्यावर बघू. अमेरिकेतला नातू दिवाळीत भारतात येणार असतो, पण कोणत्या दिवाळीत, ते अजून ठरलेले नसते.