कोठ्यातली राजदूत बाहेर काढणाऱ्यांसाठी

दिवाळीला पुण्या-मुंबईची मंडळी वर्धा, यवतमाळ, वाशीमकडच्या गावी उतरली की फराळाचे डबे संपेपर्यंत सगळं ठीक चालतं. मग कोणीतरी सहज म्हणून कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात डोकावतं. ढेपेच्या पोत्यांमागे, कुटाराच्या ढिगाला टेकून बाबांची राजदूत मोटारसायकल उभी असते. टाकीवर कोंबडी, सीटमध्ये उंदीर. आणि मग ते वाक्य येतं, "काय लोखंड होतं राव! नाहीतर आताच्या गाड्या, नुसतं प्लॅस्टिक." हे वाक्य तुमच्या तोंडून एकदा निघून गेलं की माघार नाही. ती गाडी आता तुम्हाला सुरू करावीच लागेल, निदान तसा प्रयत्न चारचौघांत करावा लागेल. तो रीतसर कसा करावा हे कोणी सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

सर्वांत आधी घरात एक स्प्लेंडर आहे ना, हे बघून घ्या. जुनी गाडी एकट्यानं पाळायची चीज नव्हे. कंडेन्सर आणायला तालुक्याला, क्रँकचं ऑइल सील शोधायला जिल्ह्याला, सिलिंडर पोत्यात गुंडाळून बोअरिंगला (आतून कापून गोल करायला) अमरावतीला नाहीतर नागपूरला. या सगळ्या फेऱ्या 97 सीसीच्या, आवाज नसलेल्या, 'जीव नसलेल्या' गाडीवरून होतात. ही स्प्लेंडर बहुधा गावात राहिलेल्या धाकट्या भावाची असेल. मागताना "पाच मिनिटांत आणतो" एवढंच म्हणा. दर वेळी तेच म्हणा, म्हणजे त्यालाही सवय होते.

थोडा इतिहास पाठ हवा, कारण गाडी सुरू होईपर्यंत लोकांना गुंतवून ठेवायचंय. राजदूतचं इंजिन जर्मन होतं असं ठोकून द्यायचा मोह होईल. आवरा. ते 173 सीसीचं इंजिन पोलंडच्या एसएचएल एम-11 या गाडीवरून आलं आणि फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं इथे बनवलं. जावा चेकोस्लोव्हाकियाची; ती म्हैसूरला बनू लागली, पुढे तिची येझदी झाली आणि 1996 मध्ये कारखान्याला टाळं लागलं. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स 100 पण गेली. हे सांगताना आवाज थोडा जड करा. मात्र 1985 साली आलेल्या हिरो होंडा सीडी 100 चा विषय कोणी काढला तर लगेच तोंड वाकडं करा. तिची जाहिरात काय, तर पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. गाडी काय विसरायची गोष्ट आहे! राजदूतनं आपल्या मालकाला 1 दिवससुद्धा विसरू दिलं नाही.

आता कामाला लागा. पंधरा-वीस वर्षं उभ्या गाडीला पहिल्याच दिवशी किक मारू नका. 21 नंबरच्या पान्यानं प्लग काढा, भोकातून दोन चमचे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोडा आणि दोन दिवस तिला हात लावू नका. पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला चिकटलेल्या असतात. जोर लावाल तर रिंग मोडेल आणि तिचा तुकडा पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीतून) वर जाऊन बोअरवर रेघ ओढेल. मग 0.25 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन शोधत फिरा. तो मिळत नाही, 0.75 चा मिळतो, म्हणून तेवढं बोअर करून घ्या, असं सांगणारा कारागीर हमखास भेटतो. पुढच्या वेळी कापायला सिलिंडरमध्ये फारसं काही उरत नाही, पण पुढच्या वेळी तुम्ही कुठे असणार आहात? दोन दिवसांनी गाडी वरच्या गिअरात टाकून मागचं चाक हळूहळू हातानं फिरवा. फिरलं तर नारळ फोडा. नाही फिरलं तर आणखी तेल, आणखी दोन दिवस. तोवर रजा वाढवून घ्यावी.

सायलेन्सरच्या तोंडात लोखंडी सळई घालून बघा. कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं असतं, तेही चांगलं दोन-तीन खोल्यांचं. ते फोडल्याशिवाय धूर बाहेर कुठून येणार? बॅफलवर, म्हणजे सायलेन्सरच्या आतल्या नळीवर जळक्या तेलाचा काळा थर असेल तर तो कुंभाराच्या आवाच्या जाळात टाकून लाल होऊ द्या, नंतर ठोका. चुलीतही चालतं, पण दिवाळीच्या दिवसांत, वहिनी चकल्या तळत असताना चालत नाही.

कार्ब्युरेटर उघडल्यावर जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी भोकावर) हिरवट बुरशीसारखं काहीतरी दिसेल. याचं कारण बाबांचं दुर्लक्ष नव्हे, शेजारी बांधलेली गाय आहे. गोमूत्रातून अमोनिया सुटतो आणि अमोनिया पितळेला खातो. म्हणून गाडी देवघरात ठेवा नाहीतर ओसरीत, कोठ्यात नको. जेट साफ करताना सुई घालायची नाही. भोक केसभर वाढलं तरी गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते आणि प्लग काळा करत बसते. पंक्चरच्या दुकानात न्या, कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंका. टाकीत गंज असेलच. मूठभर बारीक गिट्टी, लिटरभर पेट्रोल, झाकण बंद, आणि टाकी दोघांनी धरून अर्धा तास घुसळा. दुसरा माणूस कोण, हे वर आलंच आहे.

खरी मजा मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या झाकणाखाली आहे. पॉइंटची (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन तोंडांची) गॅप 0.4 मिलिमीटरच्या आसपास लागते. फीलर गेज (फट मोजायची पट्टी) नसेल तर दाढीचे पातळ ब्लेड घ्या. एक ब्लेड साधारण 0.1 मिलिमीटर, चार एकत्र धरले की झालं. पॉइंट पूर्ण उघडला असताना ते चारही अलगद सरकले पाहिजेत, अडकता कामा नयेत. आधी पॉइंटचे तोंड पॉलिश पेपरनं घासा आणि कागदाच्या कपट्यानं पुसा, कारण घासलेली भुकटी तिथेच राहिली तर ठिणगी पुन्हा अडते. मग प्लग हेडला टेकवून किक मारा. ठिणगी निळी आणि टणक दिसली तर ठीक. पिवळी, लुळी दिसली आणि पॉइंटवर पांढरट जळके डाग असले तर कंडेन्सर गेला. कंडेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी डबी, तीही तालुक्यालाच मिळणार. पाच मिनिटांत आणतो म्हणा.

पेट्रोलचं गणित वेगळंच आहे. टू-स्ट्रोकला इंजिन ऑइलची वेगळी टाकी नसते (आरएक्सला होती, पण आपण लोखंडाबद्दल बोलतोय), तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. राजदूत-येझदीला लिटरमागे 40 ते 50 मिली. आधी तेल, मग पेट्रोल, मग गाडी हलवा. पंपावर पूर्वी तेल मिसळून द्यायचं हँडलवालं यंत्र असायचं, आता तिथला पोरगा "इंजिन ऑइल देऊ काय जी?" विचारतो. घेऊ नका; ते जळल्यावर राख उरते, टू-टी बऱ्यापैकी स्वच्छ जळतं. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. ते टाकीतला जुना चिकटा सोडवून थेट जेटमध्ये नेऊन बसवतं, जुन्या रबरी नळ्या मऊ करतं आणि हवेतलं पाणी ओढतं. गाडी चार महिने उभी राहिली की पाणी तळाला वेगळं होतं आणि टाकीचा कॉक उघडला की सगळ्यात आधी तेच खाली येतं. त्याला उपाय आहे, दर आठवड्याला गाडी चालवणे. तुम्ही वर्षातून एकदा येता. पुढे जाऊ.

किक मारायचा मुहूर्त संध्याकाळचा ठेवा. पारावर माणसं असतात आणि धूर मावळतीच्या उजेडात चांगला दिसतो. राजदूत सोपी, चोक, दोन कोरड्या किका, मग एक मनापासून. शेजारच्या काकांची येझदी तुमच्या नशिबी आली असेल तर किक आणि गिअर एकाच दांडीत आहेत हे लक्षात ठेवा. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, सुरू झाल्यावर परत पुढे वळवली की गिअर. ती वळवायची राहते आणि माणूस गिअर हवेत शोधत बसतो. जुन्या ओतीव इंजिनाच्या बुलेटवर घाई नको. अमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणारा) काटा मध्यावर येईपर्यंत किक दाबा, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून पिस्टन माथ्याच्या जरा पुढे ढकला, डीकॉम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि मग सगळ्या वजनानिशी मारा. एक पायरी गाळली तर किक उलटी येते आणि घोटा सुजतो. शिवाय त्या बुलेटला गिअर उजव्या पायाखाली, ब्रेक डाव्या पायाखाली. स्प्लेंडरच्या सवयीनं समोर म्हैस आल्यावर उजवा पाय दाबाल तर गाडी थांबणार नाही, वरच्या गिअरात जाईल. म्हैस मात्र आपल्या जागी असेल.

चेतकवाल्यांनी आधी स्कूटर एका अंगावर कलती करावी. यात श्रद्धेचा भाग कमी आहे. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, कलती केली की पुन्हा भरतं. फार वेळ धराल तर प्लग ओला होईल, मग तो काढा, पुसा आणि पुन्हा कलती करा. हे आज पन्नाशीत असलेल्या प्रत्येक मास्तराला येतं. नव्या पोट्ट्यांना येत नाही, कारण 2020 साली आलेल्या विजेच्या चेतकला कलतं करून काही फायदा नाही.

सुरू झाली! धूर पांढरा आणि दोन-तीन मिनिटांत विरळ झाला तर ते जुनं तेल जळत होतं. विरळ होत नसेल, आणि गिअरबॉक्सचं तेलही दर आठवड्याला कमी होत असेल, तर क्रँकचं सील फाटलंय. इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळतंय. हे कोणाला सांगू नका. "टू-स्ट्रोकचा वास, आहाहा" म्हणा. पारावरचे म्हातारे मान डोलावतील, त्यांना बाभळीच्या धुराची सवय आहे.

आता नव्या गाड्यांवर टीकेची वेळ, आणि इथे तुमची बाजू खरंच भक्कम आहे. 1 एप्रिल 2017 पासून दिवसाही हेडलाइट चालूच, तो बंद करायचं बटनच नाही. गावातून जाताना निम्मं गाव हाताच्या बोटांची उघडझाप करून "लाइट चालू हाय" सांगतं, त्या सगळ्यांना मान द्यावा लागतो. 2020 च्या बीएस-6 या धुराच्या नियमानंतर कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. बॅटरी पूर्ण बसली की पेट्रोलचा पंप चालत नाही, मग किक असून उपयोग नाही, आणि खेड्यातला मिस्त्री स्कॅनर नाही म्हणून हात वर करतो. काही गाड्यांत तर किकच काढून टाकली. साइड स्टँडच्या स्विचमध्ये काळ्या मातीचा चिखल बसला की स्टँड वर असूनही इंजिन बंद पडतं. हे सगळं बिनदिक्कत बोला. फक्त बाभळीच्या काट्याचा विषय काढू नका. ट्यूबलेस टायर काटा घेऊन घरापर्यंत येतं, आणि तुमच्या राजदूतची ट्यूब धुऱ्यावरच बसते, जिथून पंक्चरवाला दोन कोस आहे.

पावसाळ्यात पांदणीनं वावरात न्यायची असेल तर चिखलाचा हिशेब करा. कपाशीची काळी माती टायरला चिकटते, मडगार्डखाली दाबून बसते आणि शंभर पावलांत चाक जाम होतं. जुन्या लोखंडी मडगार्डखाली जागा जास्त, म्हणून राजदूत जरा उशिरा जाम होते. हा तिचा निर्विवाद मोठेपणा. जाम झाल्यावर मात्र ती तेवढ्याच निर्विवाद वजनाची आहे. काडी जवळ ठेवा, दर वळणावर माती टोकरून काढा. शेजारून कोणी प्लॅस्टिकची गाडी खांद्यानं ढकलत पुढे गेला तर आकाशाकडे बघा.

कागदपत्रांचं शेवटपर्यंत नाव काढलं नाही तरी ते येतंच. आरसी बाबांच्या नावावर. बाबा नाहीत, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला फॉर्म 25, शिवाय विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि उशिराचा हिशेब. बहिणींच्या ना-हरकतीच्या सह्या लागतील. त्या सह्या मागायला जाल तेव्हा नदीकाठच्या दोन एकरांचा विषय निघेल, तयारीनं जा. गाडीला पन्नास वर्षं झाली असतील तर 2021 च्या नियमानं ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट एवढीच की रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची मुभा आहे. म्हणजे राजदूतचा आतापर्यंत जेवढा वापर होत होता, तेवढ्याला सरकारची मंजुरी आहे.

परत जाताना भावाला नीट समजावून सांगा. आठवड्यातून एकदा सुरू करायची, पण दोन मिनिटं नुसती फुरफुरवून बंद नाही करायची. तसं केलं तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि प्लग तेलानं भरतो. चांगली पंधरा मिनिटं, वरच्या गिअरात, रस्त्यावर. बंद करण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं. लिटरला 40 मिली तेल, विसरायचं नाही. तो कपाशीच्या वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून सकाळपासून फोनवर असेल. तरी मान हलवेल. त्याला वहीवर लिहून द्या.