सात वर्षांत शरीर ‘नवं’ झालं, तरी सिकलसेल जात नाही

‘दर 7 वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदलते, त्यामुळे आईवडिलांकडून आलेला आजारही जुन्या पेशींबरोबर निघून जातो.’ हा संदेश पुन्हा फिरतोय. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या एखाद्या घरात तो वाचून कुणी औषध थांबवलं तर काय होईल, या काळजीने लिहितोय.

सात वर्षांचा हिशेबच चुकीचा आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत बदलतात, निरोगी तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस टिकतात, तर मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी जवळजवळ आपल्याच वयाच्या असतात.

पण समजा, सगळ्या पेशी बदलल्या. तरी आजार जाणार नाही, कारण नवी पेशी कोरी नसते. विभाजनाआधी पेशी आपल्या 46 गुणसूत्रांची, म्हणजे डीएनएमधल्या सुमारे 600 कोटी रासायनिक ‘अक्षरां’च्या जोड्यांची, पूर्ण प्रत काढते. डीएनएचे दोन धागे सुटतात आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा तयार होतो. मेसेलसन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये जिवाणूंमध्ये हे दाखवून दिलं. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकमेकींना चिकटून राहतात आणि पेशीच्या समोरासमोरच्या टोकांकडून आलेले तुर्कतंतू (गुणसूत्रांना ओढणारे बारीक धागे) त्यांना धरतात. एका जरी गुणसूत्राची पकड बसली नसेल तर पेशी पुढचं पाऊल टाकत नाही. सगळ्यांची बसली की प्रती विलग होतात आणि दोन्ही जन्यपेशींना 46-46 गुणसूत्रं मिळतात.

‘प्रत काढताना चुका दुरुस्त होतात ना?’ होतात, म्हणूनच शंभर कोटी अक्षरांत जेमतेम एखादी चूक उरते. पण दुरुस्ती करणारी प्रथिनं नवा धागा जुन्याशी जुळतो का, एवढंच तपासतात. सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या प्रथिनाच्या) जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, ‘ए’च्या जागी ‘टी’. ते समोरच्या धाग्यातल्या अक्षराशी नीट जुळतं, म्हणून तिथे चूक दिसतच नाही. ज्या यंत्रणेवर संदेशाची सगळी भिस्त आहे, तीच यंत्रणा हे अक्षर जपते.

रुग्णाचं रक्तच याची साक्ष देतं. सिकलसेलच्या तांबड्या पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होतात. म्हणजे सात वर्षांत त्या शंभराहून अधिक वेळा नव्या येतात, आणि ऑक्सिजन सुटला की तशाच विळ्यासारख्या वाकतात. त्या घडवणाऱ्या, अस्थिमज्जेतल्या मूलपेशींतच ते अक्षर आहे आणि दर विभाजनात ते पुढे उतरतं. जुळणाऱ्या भावंडाच्या अस्थिमज्जेचं रोपण केल्यावर हा आजार बरा होऊ शकतो, तो मूलपेशीच बदलल्या जातात म्हणून. ज्यांचं रोपण झालेलं नाही, त्यांनी हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये.