ऑक्टोपसला मध्ये आणायचं नाही

एकदा शेवटचं सांगते, आणि हे आमच्या दादाने वाचलं तरी चालेल, वाचावंच त्याने: नेटफ्लिक्सवरची ‘द ओए’ ही मालिका संपली नाही. लेखकांना पुढचं सुचेना म्हणून थांबलीही नाही. ती बंद पाडली. बंद. पाडली.

काल डहाणूकर कॉलनीत मावसभावाकडे गेले होते. उप्पीट आलं, चहा आला, आणि दादाने पाय सोफ्यावर घेऊन निकाल वाचायला घेतला. मी किती दिवस मागे लागले होते तेव्हा साहेबांनी एकदाची बघितली. कशी? दीडपट वेगाने! मटार सोलत आणि ऑफिसच्या ग्रुपवर अंगठे टाकत. ज्या मालिकेच्या पहिल्या भागात नावाची पाटी जवळजवळ तासाभराने येते, ती का तेवढ्या उशिरा येते यावर कुणीतरी डोकं खाजवलं असेल की नाही? याला त्याचं काय. हा म्हणतो, "पहिला सीझन ठीक आहे गं. दुसऱ्यात भरकटले. काही सुचेना म्हणून ऑक्टोपस आणला."

ऑक्टोपस आणला! मंडईतून भोपळा आणल्यासारखा.

अरे बाबा, तो प्रसंग एकदा एकपट वेगाने बघ. नाइट क्लबात भरगच्च माणसं, मागे ती अजस्र टाकी, नायिका खुर्चीत बसलीय आणि त्या प्राण्याचा एक हात सावकाश तिच्या हातावर चढत येतोय. गोष्ट तोंडी सांगितली तर कुणीही हसेल. मीही हसायच्याच तयारीत होते, आणि बघताना पाणी प्यायचं विसरले. इतकं अशक्य काहीतरी दाखवायचं आणि समोरच्याला हसू द्यायचं नाही, याला भरकटणं म्हणतात होय? आणि एवढं करून दादाला त्या ऑक्टोपसचं नावसुद्धा आठवेना. ओल्ड नाइट. ओल्ड नाइट नाव आहे त्याचं.

मग म्हणतो, "किती धागे लोंबकळत ठेवलेत." ठेवलेत? मालिका रचणाऱ्या ब्रिट मार्लिंग (नायिकाही तीच) आणि झाल बाटमांग्लिज यांनी पाच सीझनची गोष्ट योजली होती. पहिला डिसेंबर 2016 मध्ये आला, दुसरा मार्च 2019 मध्ये, आणि ऑगस्ट 2019 मध्ये नेटफ्लिक्सने दुकान आवरलं. पाचातले दोन! धागा लेखकाने सैल सोडलाय की दुसऱ्याने कापलाय, हे टोकाकडे बघितलं तरी कळतं. नायिका आपली हकिगत ज्या पाच जणांना सांगते, त्यांतल्या फ्रेंचला पहिल्या सीझनच्या शेवटी तिच्या पलंगाखाली पुस्तकांचं खोकं सापडतं. रशियन धनदांडगे, मृत्यूच्या दारातून परतलेली माणसं, देवदूत, तिचा प्रियकर होमर, तिने सांगितलेली सगळी गोष्ट त्या पुस्तकांतच. म्हणजे बाईने थापा मारल्या? मग मध्यरात्री त्या रिकाम्या घरात तो एफबीआयचा समुपदेशक एलियास काय करत होता? पुस्तकं त्यानेच आणून ठेवली असतील का? यावर लोक अजून एकमेकांच्या उरावर बसतात. दादाचं उत्तर: "मग दोन सीझनमध्ये बसेल असं लिहायचं."

हे वाक्य ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. जोरात. वहिनीने कपाकडे बघितलं.

माझंही भांडण आहे त्या दुसऱ्या सीझनशी, नाही असं नाही. दुसरं जग खरंच आहे हे त्यांनी लगेच दाखवून टाकलं. बाई खरं बोलतेय की पुस्तकं, हा संशय अजून एक सीझन तरी पोसायला हवा होता, त्यातच खरी मजा होती. पण हे बोलायचा हक्क मला आहे, कारण मी मटार सोलत बघितलेली नाही.

या पुण्याचंच असं आहे. इथे प्रत्येक जण मनातून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेचा परीक्षक. त्यात 2022 मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हापासून तर लोकांना वाटायला लागलंय की न देणं हीच खरी रसिकता. दादाने कॉलेजात असताना भरत नाट्य मंदिरात एकदा पडदा ओढला होता. त्या भांडवलावर तो आजतागायत ‘संहितेत दम आहे, पण’ म्हणतो. याच जातीचे एक काका मला बालगंधर्वला मागच्या रांगेत भेटले होते. खून कुणी केला ते त्यांनी पहिल्याच अंकात बायकोला सांगून टाकलं, आणि मध्यंतरात बटाटावडा खाताना पुन्हा: "मला आधीच कळलं होतं." कळलं होतं तर घरी बसायचं ना!

आणि लांबण लावायची मुभा कुणाला? ‘चार दिवस सासूचे’ला. चार दिवस म्हणता म्हणता अकरा वर्षं, तीन हजारांवर भाग, आमच्या मामीने एकही चुकवला नाही आणि एकदाही ‘भरकटले’ म्हणाली नाही. उलट अमेरिकेतली ‘कार्निव्हाल’ मालिका सहा सीझनची योजली होती, 2005 मध्ये दोनांवर आटोपली. तिथल्याच ‘ट्विन पीक्स’ या मालिकेत तर वाहिनीने मागे लागून खुनी मध्येच उघड करायला लावला, मग प्रेक्षक पांगले, आणि 1991 मध्ये ‘प्रेक्षकच नाहीत’ म्हणून तीच बंद. आधी पाय मोडायचा, मग लंगडते म्हणून हाकलायचं.

एवढ्यात भाची आली आतून. म्हणाली, "आत्या, चिडू नकोस. बंद होणं हाच तिसरा सीझन आहे." दुसऱ्याच्या शेवटी ते ज्या जगात पडतात तिथे शूटिंगच चाललेलं असतं आणि नायिकेला सगळे ब्रिट म्हणतात, म्हणून मालिका बंद झाली ती आपल्या जगात, म्हणून ती चालूच आहे, वगैरे. 2019 मध्ये हजार जणांनी हेच म्हणून झालंय. टाइम्स स्क्वेअरला फलक लावून झाला, रस्त्यात त्या हालचाली करून झाल्या, एका बाईने लॉस एंजेलिसला कंपनीच्या ऑफिसबाहेर उपोषणसुद्धा केलं. वहिनी म्हणाली, "तू करणार असशील तर आधी उप्पीट संपव."

कुठल्या हालचाली, असं दादाने विचारलं. सोळा भाग बघून! मग मी उठलेच. टीपॉय सरकवला, हात छातीशी घेतले, झटक्यात पुढे फेकले आणि तो फूत्कार सोडला. वहिनी पाण्याचा पेला घेऊन धावली, तिला वाटलं ठसका लागला. भाचीने मोबाइल काढला. पाच जणांनी मनापासून केल्या तर त्या हालचालींनी दुसऱ्या जगाचं दार उघडतं. एकटीने, उप्पिटावर, रागाच्या भरात केल्या तर कंबरेत उसण भरते. पुढचा वाद मी सतरंजीवर आडवी पडून घातला, आणि छताकडे बघत ‘कलाकृतीचा आदर’ वगैरे बोललं की वजन पडत नाही फारसं.

पण मुद्दा सोडला नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्या पाचांतला स्टीव्ह अँब्युलन्समागे धावत येतो, आत चढतो, खलनायक हॅपला हॅलो म्हणतो आणि संपलं. तेव्हापासून आम्ही त्या अँब्युलन्समध्ये बसलोय. उतरवायलाही कुणी येत नाही.

निघताना दादा म्हणाला, एक नवीन आलीय, झपाटलेल्या वाड्याची, पहिलाच सीझन आहे. मी म्हटलं, पूर्ण झाल्याशिवाय मी आता काहीही सुरू करत नाही. भाची म्हणते, "सगळ्यांनी असंच केलं तर सुरुवातीला बघणार कोण? आणि कुणी बघितली नाही म्हणून बंदच करतील ना!"

बरोबर आहे पोरीचं. म्हणून तुम्ही बघा. पहिल्याच आठवड्यात बघा, शेवटपर्यंत बघा, आजी-आजोबांनाही बसवा. मी तिसऱ्या सीझनला येते.