थॉर म्हणजे इंद्र नव्हे

युरोपातल्या आधुनिक पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव पुन्हा पुजणाऱ्या, लोकांबद्दल एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं : तिकडे जुन्या देवांची पूजा पुन्हा सुरू झाली आहे, ते देव आपलेच, फक्त नावं निराळी, सगळे देव शेवटी एकच हे ती माणसंही मानतात, तेव्हा पश्चिम पुन्हा हिंदू होते आहे. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. बाकीच्या तिन्हींना उत्तर द्यायला हवं, कारण त्यांत दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखलेला नाही.

‘थॉर म्हणजे इंद्र, झ्यूस म्हणजे द्यौस.’ ग्रीकांचा झ्यूस आणि वेदांतला आकाशदेव द्यौस ही नावं एकाच मुळातून आली आहेत, यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत आहे. उत्तर युरोपातला थॉर आणि आपला इंद्र दोघेही गडगडाटाचे देव, हेही बरोबर. पण दोन चुलतभावांचा आजोबा एक असला म्हणून एकाचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. थॉर फिरतो तो दोन बोकडांच्या गाडीतून. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या कथेत तो एका शेतकऱ्याकडे मुक्कामाला उतरतो, स्वतःचेच बोकड कापून घरच्यांना जेवू घालतो आणि हाडं तेवढी कातड्यावर जपून ठेवा म्हणतो. पोरगा मगजाच्या मोहाने एक हाड फोडतो. सकाळी थॉर हातोडा उगारून बोकड उठवतो, तर एक लंगडतो. ही गोष्ट ज्यांच्या देवाची आहे, त्यांना हा देव वृत्राला मारणारा, सोम पिणारा इंद्रच आहे असं सांगणं म्हणजे त्यांचा देव काढून घेणंच आहे.

आणि हे आपल्याला कळायला अवघड जाऊ नये. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य जातो, पंढरपुरात तुळस आणि बुक्का. कुणाचा मान काय, हे आपल्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं.

‘तेही सगळे देव एकच मानतात.’ काही मानतात. 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुढे आणलेल्या विक्का पंथात, सगळ्या देवी म्हणजे एकच देवी आणि सगळे देव म्हणजे एकच देव, असं मानणारे पुष्कळ आहेत. थॉरसारख्या जुन्या देवांना मानणाऱ्या आइसलँडच्या आउसात्रू संघटनेचे प्रमुख, संगीतकार हिल्मर अर्न हिल्मरसन, तर जुन्या कथा म्हणजे निसर्गाच्या आणि माणसाच्या मनातल्या शक्तींची काव्यरूपं, असं उघड सांगतात. पण याच लोकांत देवांना खरोखर वेगळे, स्वतःची इच्छा असलेले मानणाराही मोठा वर्ग आहे. अमेरिकन पेगन लेखक जॉन मायकेल ग्रीर यांनी 2005 मध्ये त्याच बाजूने अख्खं पुस्तक लिहिलं. हा वर्ग पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या प्रोक्लस या तत्त्वज्ञाकडे बोट दाखवतो. एका मूळ तत्त्वाची त्याची मांडणी फार सूक्ष्म आहे, तरी प्रत्येक देव हा स्वतःच एक पूर्ण एकक आहे असं तो म्हणतो, आणि त्याच्याकडे ही एककं अनेक आहेत. तेव्हा अनेक देव मानणं ही विचाराची बालवाडी आणि एक मानणं म्हणजे पदवी, हा क्रम त्यांच्यावर लादता येत नाही.

‘एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति’ (सत्य एकच, ज्ञानी त्याला अनेक नावं देतात) ही ऋग्वेदातली ऋचा इथे हमखास पुढे केली जाते. तिच्यात इंद्र, मित्र, वरुण, अग्नी अशी वैदिक देवांचीच नावं आहेत. ती जगातल्या प्रत्येक देवाला लावायची, हा आपला अर्थ. तो लावावा की नाही, हे ज्याचा देव त्याने ठरवावं. शिवाय सगळ्याचा शेवट अद्वैतातच होतो हे आपल्याकडेही सर्वांना मान्य नाही. मध्वाचार्यांनी जीव, जगत आणि ईश्वर यांच्यातले पाच भेद खरे मानले.

साम्य शोधायचंच असेल, तर ते तत्त्वज्ञानापेक्षा पूजेत सापडेल. लिथुआनियाच्या रोमुवा परंपरेत अग्निदेवी गाबियाला मीठ वाहतात. जुन्या घरांत रात्री निखाऱ्यांवर राख सारून तिला ‘झोपवत’. यजुर्वेदातलं ‘देहि मे ददामि ते’ (तू मला दे, मी तुला देतो) वाचलेल्या माणसाला हा देवाणघेवाणीचा भाव लगेच ओळखीचा वाटेल. ओळखीचा वाटला तरी देवी त्यांचीच.

‘पश्चिम हिंदू होते आहे’ याला तर त्यांच्या कृतीनेच उत्तर दिलं आहे. सोव्हिएत राजवटीत, 1967 साली, लिथुआनियातल्या केर्नावेच्या टेकड्यांवर काही तरुणांनी रासा हा वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सण पुन्हा साजरा केला. त्यातूनच पुढे रोमुवा उभी राहिली. 2019 मध्ये लिथुआनियाच्या संसदेने तिला शासकीय मान्यता नाकारली. मंडळी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली, 2021 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि 2024 मध्ये संसदेने मान्यता दिली. ग्रीसमध्ये जुन्या देवांच्या उपासकांना ती 2017 मध्ये मिळाली, आइसलँडमध्ये 1973 मध्येच. इतकी वर्षं ही माणसं झगडली ती लिथुआनियाचा गडगडाटाचा देव पेर्कूनस, झ्यूस आणि थॉर यांची पूजा त्यांच्याच नावाने आणि स्वतःच्याच धर्माच्या नावाने करता यावी म्हणून.