नवा बॉण्ड निवडताना आधी त्याची चाल बघा

गेले कित्येक महिने जिथे बघावं तिथे एकच चर्चा. पुढचा जेम्स बॉण्ड कोण? रोज नवं नाव, रोज नवी यादी आणि खाली लोकांची भांडणं. बॉण्डपटांवर माझा जीव आहे, त्यामुळे मनात साचलेलं एकदाचं लिहूनच टाकते. ज्याचा चेहरा आपल्याला आधीच तोंडपाठ झालाय, असा नट या भूमिकेत घेऊ नये. आणि निवडणाऱ्यांनी लोकांचा कौल घेत बसू नये. माझाही नको.

सुरुवात आठवा. 1962 च्या ‘डॉक्टर नो’साठी क्यूबी ब्रोकोली आणि हॅरी साल्ट्झमन हे दोन निर्माते नट शोधत होते. शॉन कॉनरी भेटायला आला तो गबाळ्या कपड्यांत. मुलाखत संपवून तो निघाला तेव्हा हे दोघं खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले. एवढा धिप्पाड माणूस, पण रस्ता ओलांडताना चाल अशी की जणू एखादं जनावर दबकत निघालंय. त्या चालीनं काम केलं. बॉण्डचे जनक इयन फ्लेमिंग यांना तो सुरुवातीला अजिबात पटला नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर उच्चभ्रू इंग्रज होता आणि हा एडिंबरात घरोघर दूध टाकून मोठा झालेला पोरगा. दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी मग त्याला आपल्या शिंप्याकडे नेलं, सूट अंगवळणी पडावा म्हणून सूट घालूनच झोपायला लावलं. पुढे फ्लेमिंगनी आपल्या कादंबरीत बॉण्डचे वडील स्कॉटिश करून टाकले, यातच सगळं आलं.

आता त्या सिनेमातला त्याचा पहिला प्रवेश बघा, जमलं तर आज रात्रीच. जुगाराचं टेबल. समोर लाल पोशाखातली एक बाई हरत चाललीय. आपल्याला दिसतात ते फक्त त्याचे हात आणि पाठ. पत्ते सरकतात, पैसे सरकतात, कॅमेरा चेहऱ्याकडे जायचं नावच घेत नाही. ती नाव विचारते, तेव्हा कुठे ओठांत सिगारेट धरून तो चेहरा समोर येतो. तोवर हा माणूस घाईत नसतो आणि हरायची त्याला सवय नाही, एवढं आपल्याला कळून चुकलेलं असतं. तेव्हा कॉनरी फारसा कुणाला माहीत नव्हता, म्हणून हे साधलं. आज एखाद्या बड्या स्टारचा चेहरा असा लपवला तर उपयोग काय? पोस्टरवर वर्षभर तोच तर झळकत असणार.

कुणी म्हणेल, मग रॉजर मूरचं काय? तो तर टीव्हीमुळे घराघरांत पोचला होता. मान्य. 1973 ते 1985 मध्ये त्यानं सात बॉण्डपट केले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. पण मला नेहमी वाटत आलंय की तिथे मूर बॉण्ड झाला नाही, बॉण्डच मूरसारखा झाला. गोड, मिश्कील, अंगाला ओरखडा न येणारा. शेवटच्या सिनेमात तो 57 वर्षांचा होता आणि ते पडद्यावर दिसतं.

नवखा नट घेऊनही घोळ होतो, हे जॉर्ज लेझनबीच्या बाबतीत दिसलं. ऑस्ट्रेलियातून आलेला मॉडेल, अभिनयाचा अनुभव नाही. कॉनरीसाठी शिवलेला सूट घालून, कॉनरीच्याच न्हाव्याकडून केस कापून तो दारात उभा राहिला. मारामारीत तो जबरदस्त होता. 1969 च्या त्याच्या एकमेव बॉण्डपटाच्या शेवटी, गाडीत मेलेल्या बायकोला जवळ घेऊन तो बसतो, ते मला आजही बघवत नाही. बॉण्डचे दिवस संपले असं मानून त्यानं स्वतःहून भूमिका सोडली. कॉनरीच्या सावलीतून बाहेर यायला त्यानं दुसरा सिनेमा करायला हवा होता. माझ्या मते त्यानं स्वतःवरच अन्याय केला.

आणि डॅनिएल क्रेग! 14 ऑक्टोबर 2005 ला नवा बॉण्ड म्हणून त्याचं नाव जाहीर झालं, तेव्हा तो लंडनच्या थेम्स नदीतून नौदलाच्या स्पीडबोटीतून आला, अंगात लाइफ जॅकेट. केवढी टर उडवली लोकांनी त्याची. केस सोनेरी, उंची कमी, चेहरा बॉण्डचा नाही. बहिष्काराची भाषा झाली. क्यूबींची मुलगी आणि आताच्या निर्मात्या बार्बरा ब्रोकोली मात्र ठाम राहिल्या. मग त्याचा पहिला बॉण्डपट ‘कसिनो रोयाल’ आला. जिन्यावरच्या मारामारीनंतर तो बाथरूमच्या आरशासमोर उभा राहतो, रक्त धुतो, व्हिस्कीचा पेला रिकामा करतो आणि स्वतःकडे बघतो. शब्द एकही नाही. पुढे नायिका वेस्पर शॉवरखाली कपड्यांनिशी थरथरत बसलेली असते, तर हा तसाच शर्टपँटमध्ये तिच्या शेजारी पाण्यात जाऊन बसतो. तेव्हा जनमत घेतलं असतं, तर हे दृश्य आपल्या वाट्याला आलंच नसतं.

वयाचं गणितही साधं आहे. क्रेगचे पाच सिनेमे व्हायला 2006 ते 2021 एवढा काळ गेला. चाळिशीतला नट घेतला, तर तिसऱ्या सिनेमापर्यंत त्याचे गुडघे बोलायला लागतील. तिशीच्या आसपासचा हवा. हेन्री कॅव्हिल 2005 मध्ये शर्यतीत होता तेव्हा अवघा 22 वर्षांचा. आवडतो मला तो, पण त्याची वेळ निघून गेली, हे मनाला लागतं तरी खरं आहे. इंग्रजच हवा या हट्टात मात्र मला रस नाही. क्रेगच्या आधीचा बॉण्ड पिअर्स ब्रॉस्नन आयरिश होता, कुणाचं काय बिघडलं?

खरी धास्ती वेगळीच आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये ब्रोकोली घराण्यानं सर्जनशील निर्णयांची सूत्रं ॲमेझॉनकडे दिली. खिडकीत उभं राहून चाल बघणारी माणसं गेली की काय, या विचारानं तेव्हा पोटात गोळा आला होता. मग दिग्दर्शक म्हणून डेनी विलनव्ह आणि लेखक म्हणून स्टीव्हन नाइट यांची नावं जाहीर झाली आणि जरा जीवात जीव आला. विलनव्ह यांच्या सिनेमांत माणसं गप्प असतानाही बघत राहावंसं वाटतं.

बॉण्डच्या चाचणीत कित्येक वर्षं ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या दुसऱ्या बॉण्डपटातला एकच प्रसंग करून घेतला जातो. हॉटेलच्या खोलीत तो परततो आणि पलंगावर एक अनोळखी बाई असते. संवाद काय, कुणीही पाठ करेल. विलनव्हना माझं सांगणं एवढंच, त्याच्या आधीचे चार-पाच सेकंद नीट बघा. दाराशी तो थबकतो ना, तेव्हा. खोलीत कुणीतरी आहे हे त्याच्या खांद्यांवरून मला कळायला हवं.