कॉइलचं पाणी 90 अंशांवर नेऊ नका

कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांत (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्यांत) एक मेसेज फिरतोय. इंडक्शन भट्टीच्या कॉइलमधून (विजेनं धातू वितळवणारी, आत पाणी खेळवून थंड ठेवलेली तांब्याची नळी) येणाऱ्या गरम पाण्यावर हीट इंजिन (उष्णतेवर वीज करणारं यंत्र) बसवा, हीट एक्स्चेंजर (पाण्यातली उष्णता इंजिनाला देणारा भाग) दुप्पट केला की वीज दुप्पट, पाणी 90 अंशांपर्यंत तापू द्या, पाणी थंड करणारा कूलिंग टॉवर बंद करा, बिल निम्म्यावर येईल. आमच्या दाजींनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, 'ॲडव्हान्स देऊ का?'

आधी ते 90 अंश, कारण त्यात माणूस मरेल. बहुतेक भट्ट्यांत कॉइलचं पाणी 60-65 अंशांच्या पुढं गेलं की ट्रिप होते, म्हणजे भट्टी आपोआप बंद पडते. 90 वर न्यायचं म्हणजे ती ट्रिप बायपास करायची. पाणी तापलं की नळीत क्षार धरतात, त्या जागी तांबं आणखी तापतं, इन्सुलेशन जळतं, शेवटी कॉइलला भोक पडतं. तिथंच भट्टीचं लायनिंग (आतलं अस्तर) पातळ झालेलं असेल तर ते पाणी थेट वितळलेल्या धातूच्या 1450 अंशांच्या रसाला भिडतं. मग वाफेचा स्फोट. प्लॅटफॉर्मवरच्या मेल्टरला (भट्टी चालवणाऱ्याला) पळायलाही सवड मिळत नाही. हे लिहिणारा कधी भट्टीपाशी उभा तरी राहिलाय का?

कूलिंग टॉवर बंद? इंजिन चालतं गरम आणि थंड यांच्यातल्या फरकावर, हे फ्रेंच अभियंता कार्नोनं 1824 मध्येच सांगून ठेवलंय. थंड बाजू काढली की इंजिन थांबलं.

एक्स्चेंजरचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. तो लहान असला तर तापमानातला बराच फरक उष्णता ओढण्यातच जातो, इंजिनाच्या वाट्याला थोडा उरतो. पण पाण्यातली मिळण्याजोगी 86 टक्के उष्णता काढणारा एक्स्चेंजर दुप्पट केला, तरी फार तर 98 टक्के काढेल. शिवाय थंड बाजूचा एक्स्चेंजरही त्याच तोलाचा लागतो, त्याचे पैसे मेसेजमध्ये कुठंच नाहीत.

आता हिशोब. जास्तीत जास्त पॉवर घेताना इंजिनाची कार्यक्षमता किती राहते, याचं सूत्र कर्झन आणि आल्बोर्न यांनी 1975 मध्ये मांडलं. गरम पाणी 55 अंश, थंड 30 अंश धरलं तर उत्तर येतं सुमारे 4 टक्के. 500 किलोवॅटच्या भट्टीत साधारण 100 किलोवॅट कॉइलच्या पाण्यात जातात. म्हणजे हाती 4 किलोवॅट, तेही पूर्ण लोडवर, आणि त्यातून पंप-फॅनचा खर्च अजून वजा व्हायचाय. जिवावर उदार होऊन 90 अंशांवर नेलं, तरी 9 टक्क्यांच्या आतच.

दाजी, ॲडव्हान्स देऊ नका. बिल कमी करायचं तर चार्जिंग (भट्टीत माल भरणं) झाल्यावर भट्टीवर झाकण टाकायला लावा, आणि मोल्ड (साचे) तयार नाहीत म्हणून रस तसाच धरून ठेवणं बंद करा.