शांतिसेनेचा हेतू सांगताना टाळली जाणारी पत्रे

आमच्याकडच्या व्याख्यानमालेत आज एका वक्त्याने १९८७ मध्ये श्रीलंकेत पाठवलेल्या सैन्याचा, म्हणजे भारतीय शांतिसेनेचा विषय काढला आणि आपण श्रीलंकेत निव्वळ माणुसकीपोटी गेलो, त्यात आपला कसलाही स्वार्थ नव्हता, असे ठणकावून सांगितले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन जेवण झाले तरी माझा संताप उतरलेला नाही.

माझे मामा त्या सैन्यात होते. १९८७ च्या ऑगस्टमध्ये श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्यात लोकांनी जवानांच्या गळ्यात हार घातले आणि एका म्हातारीने मामांना अंगणात बसवून शहाळे दिले. ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या ‘तमिळ वाघां’कडून (एलटीटीई) जाफना घेण्यासाठी आपल्या सैन्याचे ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले. त्यानंतर मामा गस्तीवर त्याच गल्लीत गेले तेव्हा तिने त्यांना ओळखले, नातवाला आत ओढले आणि दार लावून घेतले. तिचे काय चुकले, असे मामा आजही विचारतात.

वक्त्यांनी ज्याचा उच्चारही केला नाही ते सांगतो. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत करारावर सह्या केल्या, त्याच दिवशी दोघांमध्ये पत्रांचीही देवाणघेवाण झाली. करारात तमिळांचे हक्क, प्रांतिक परिषदा आणि शस्त्रे खाली ठेवण्याची भाषा होती. पत्रांत मात्र त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा लष्करी वापरासाठी कोणालाही देऊ नये, तिथल्या तेलटाक्या भारताबरोबर मिळून चालवाव्यात, परदेशी लष्करी आणि गुप्तचर माणसांबाबत विचार व्हावा, परदेशी प्रसारण केंद्रांचा हेरगिरीसाठी उपयोग होऊ नये, अशा गोष्टी होत्या. यात माणुसकी कुठे आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे.

जयवर्धनेही काही साधुसंत नव्हते. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या सिंहली संघटनेचे बंड पेटले होते आणि उत्तरेचे ओझे भारताच्या खांद्यावर गेले की त्यांचे सैन्य तिकडे मोकळे होणार होते. ज्या तमिळ तरुणांना आपल्याच यंत्रणेने आधी शस्त्रे चालवायला शिकवले, त्यांच्याशीच लढायला आपण मामांसारख्यांना पाठवले. दाराआड गेलेल्या त्या म्हातारीला हा हिशेब कोणी समजावून सांगणार होते का?

१९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरेदारे जाळली गेली, हजारो निर्वासित तमिळनाडूत आले आणि दिल्लीला हात बांधून बसणे शक्य नव्हते, हे मान्य आहे. शेजारी मोठ्या सत्तांचे तळ नकोत असे वाटणेही गैर नाही. कोणत्याही देशाला वाटेल. माझा राग स्वार्थावर नाही. तो लपवून त्याच्यावर दयेचे पांघरूण घालण्यावर आहे, कारण ते पांघरूण जवानाच्याही डोळ्यांवर पडते आणि आपण कोणाच्या बाजूने लढतो आहोत हे त्याला मरेपर्यंत कळत नाही.

अकराशेहून अधिक जवान तिथे मारले गेले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यांत होते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागल्यावरही ते लढत राहिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांच्याविषयी लिहिताना माझा आवाज आपोआप खाली येतो. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या कारवाईत रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या, हेही त्याच दमात सांगायला हवे. मामा त्याविषयी काही बोलत नाहीत, विषय निघाला की पुन्हा त्या बंद दाराशी येऊन थांबतात.

पुढे जयवर्धने यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी आपल्याला निघून जायला सांगितले आणि आपल्याशी लढण्यासाठी वाघांना शस्त्रेही दिली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला परतली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत.

ज्या तेलटाक्यांचा त्या पत्रांत उल्लेख होता, त्यांच्या विकासाचे करार जानेवारी २०२२ मध्ये झाले, तेही वाटाघाटींच्या टेबलावर, एकही जवान न पाठवता. आजच्या वक्त्यांनी पुढच्या वेळी निदान ती पत्रे वाचून यावे, आणि टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या मित्रांनीही.